रानम्हशी वाचवायच्या तर पाळत गोठ्यापासून हवी

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की लम्पीच्या बातम्या येऊ लागतात. किती जनावरांना लस टोचली, किती मात्रा शिल्लक आहेत, कोणत्या तालुक्यातला गुरांचा बाजार बंद केला. या बातम्यांत गायी-बैल असतात, आणि ते योग्यच आहे. पण याच विषाणूंच्या वाटेवर जंगलातली रवंथ करणारी जनावरेही उभी आहेत आणि त्यांची मोजदाद कुठल्याच तक्त्यात नसते. गडचिरोली जिल्ह्यात, अहेरी तालुक्यातल्या कमलापूरजवळ कोलामार्का आहे. सुमारे १८० चौरस किलोमीटरचे हे जंगल २०१३ मध्ये रानम्हशींसाठी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाले. महाराष्ट्रात रानम्हैस उरली आहे ती इथेच, आणि तीही मोजकी. जगातल्या बहुतेक रानम्हशी आसामात आहेत. मध्य भारतातले कळप इंद्रावतीच्या दोन्ही काठांवर आणि छत्तीसगडच्या आणखी थोड्या भागात तग धरून आहेत. एवढ्या लहान कळपात साथ शिरली तर तिचे परिणाम भरून काढायला पुढच्या पिढ्याही पुरणार नाहीत. म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहोत.

मुद्दा सरळ आहे. रानम्हशींवर कीटकांमार्फत येणाऱ्या विषाणूंची पाळत ठेवायची असेल तर ती जंगलाच्या कडेच्या गावातल्या गोठ्यापासून सुरू करावी लागेल. रानम्हैस आजारी दिसेपर्यंत थांबणे म्हणजे फार उशीर करणे होय.

लम्पी भारतात पहिल्यांदा २०१९ मध्ये ओडिशात आढळला. २०२२ मध्ये तो गुजरात-राजस्थानातून पसरत ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात आला आणि पाहता पाहता राज्यभर गेला. त्याच सुमारास राजस्थानात मोकळ्या रानातल्या चिंकाऱ्यांमध्ये हा विषाणू सापडला. त्याआधी २०२१ मध्ये थायलंडमधल्या कुई बुरी राष्ट्रीय उद्यानातल्या गव्यांना त्याची लागण झाली होती. म्हणजे हा आजार फक्त गायीचा, हा समज टिकत नाही.

म्हशीच्या बाबतीत एक फसवी गोष्ट आहे. पाळीव म्हशीला लम्पी गायीइतका होत नाही आणि झालाच तर गाठी थोड्या येतात. यावरून रानम्हैस सुरक्षित आहे असे अनुमान काढले जाते. ते बरोबर नाही. लक्षणे सौम्य असणे म्हणजे लागण नसणे नव्हे; उलट अशा वेळी डोळ्यांनी पाळत ठेवणाऱ्याला काहीच दिसत नाही. वासरे, गाभण म्हशी आणि उन्हाळ्यात खंगलेली जनावरे यांच्यावर काय परिणाम होईल, हे गोठ्यातल्या पोसलेल्या म्हशीवरून ठरवता येत नाही.

लम्पीखेरीज आणखी तीन आजारांवर लक्ष हवे. पहिला नीलजिव्हा, म्हणजे ब्लूटंग. मेंढपाळांना तो चांगला ठाऊक आहे: ताप, सुजलेले तोंड, लाळ, लंगडणे. गायी-म्हशींत तो बहुधा गुपचूप राहतो, पण विषाणू त्यांच्या रक्तात कित्येक आठवडे फिरत असतो. दुसरा ईएचडी, म्हणजे हरणांचा रक्तस्रावी साथरोग, नीलजिव्हेचाच जवळचा नातलग. उत्तर अमेरिकेत त्याने हरणांचे थवेच्या थवे मारले आहेत. तापाने होरपळलेली हरणे पाण्याकडे जातात आणि काठावर मरून पडतात. २०२२ मध्ये तो इटली-स्पेनमार्गे युरोपात शिरला. तिसरा आपला तिवा. तीन दिवसांचा ताप म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते, पण अंगात ताकद नसलेले मोठे जनावर एकदा बसले की जंगलात त्याला उठवायला कोणी नसते.

या आजारांचे वाहक वेगवेगळे आहेत आणि पाळतीची पद्धत त्यावरच ठरते. लम्पीचा विषाणू माशीच्या अंगात वाढत नाही. गोठ्यातली चावणारी माशी, डास आणि गोचीड त्याला सोंडेवर किंवा तोंडावर घेऊन एका जनावरावरून दुसऱ्यावर नेतात. त्यामुळे बाधित माशी सापडली याचा अर्थ बाधित जनावर जवळच आहे. नीलजिव्हा आणि ईएचडीचे तसे नाही. जेमतेम एक ते तीन मिलिमीटरच्या क्युलिकॉइड्स जातीच्या चिलटाने बाधित रक्त प्यायले की उष्ण हवेत आठवडा-दहा दिवसांत विषाणू त्याच्या लाळेपर्यंत पोहोचतो आणि मग ते चिलट जिवंत असेपर्यंत आजार देत राहते. वाऱ्याबरोबर ते कैक किलोमीटर जाते. शेणमिश्रित चिखल, बोडीचा, म्हणजे लहान तळ्याचा, ओलसर काठ, धानाच्या बांध्यांतला गाळ ही त्याची वाढण्याची ठिकाणे. गडचिरोलीत पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत याची कमतरता कुठेच नसते.

आता रानम्हशीचे रक्त कसे मिळवायचे? वन्यजीवांवरच्या बऱ्याच अभ्यासांत शेण गोळा करतात. जनावराला हात लावावा लागत नाही आणि त्यातून परोपजीवी, ताणाची संप्रेरके, जनुके असे पुष्कळ काही समजते. पण हे विषाणू रक्तात आणि कातडीत असतात. शेणाच्या नमुन्यावर त्यांची भरवशाची तपासणी होत नाही. शेणाचे शेकडो नमुने निगेटिव्ह आले म्हणून कळप निरोगी आहे असे कोणी सांगितले तर ते मानू नये.

दुसरा मार्ग भुलीच्या बंदुकीचा. केवळ रक्तासाठी रानम्हशीला किंवा गव्याला बेशुद्ध करायला आमचा स्पष्ट विरोध आहे. मोठे जनावर घाबरून पळाले की अंगाचे तापमान झपाट्याने वाढते, स्नायू फाटू लागतात, त्यातले द्रव्य मूत्रपिंडात अडकते आणि जनावर लगेच किंवा दोन-चार दिवसांनी मरते. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये शिरलेला गवा गर्दी, पळापळ आणि ताण यांतून दगावला, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. रानम्हशीच्या बाबतीत पाण्याचीही भीती आहे: भूल चढता चढता ती डबक्याकडे वळते आणि नाकपुड्या पाण्याखाली गेल्या की संपले.

शिवाय आकड्यांचेही गणित आहे. पंधरा जनावरांच्या कळपात दोन बाधित असतील, तर त्यातले किमान एक तरी हाती लागेल याची ९५ टक्के खात्री मिळवण्यासाठी बारा जनावरांचे रक्त घ्यावे लागते. म्हणजे जवळजवळ सगळा कळप बेशुद्ध करायचा. हा धोका पत्करण्याजोगा नाही. मात्र जनावर दुसऱ्या कारणासाठी हातात आले असेल, तर ती संधी सोडू नये. रेडिओ कॉलर लावताना आणि जखमेवर उपचार करताना रक्त घेता येते. कोकणात आणि कोल्हापूरकडे गवे विहिरीत पडतात. ज्यांना भूल देऊनच बाहेर काढावे लागते, त्यांचेही रक्त घ्यावे. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत १० मिली आणि साध्या नळीत १० मिली, एवढे पुरे. पोलंडमधल्या बिअलोविएझाच्या जंगलातल्या युरोपीय बायसनांवर अशीच पाळत आहे. २०११ मध्ये जर्मनीत श्मालेनबर्ग हा चिलटांमार्फत पसरणारा नवा विषाणू सापडला, तेव्हा तो बायसनांपर्यंत पोहोचल्याचे अशा साठवलेल्या रक्तद्रवातून (सीरममधून) दाखवता आले. आपल्याकडे विहिरीतून काढलेल्या गव्याची बातमी होते, छायाचित्रे निघतात, आणि रक्ताचा एक थेंबही न घेता त्याला सोडले जाते.

म्हणून पाळतीचा मुख्य भार कडेच्या गावातल्या पाळीव जनावरांवर टाकावा. रानम्हशी जिथे पाणी पितात, तिथेच गावाची गुरे चरायला जातात आणि तीच चिलटे दोघांनाही चावतात. गावात सहा ते बारा महिन्यांच्या कालवडी-गोऱ्हे आणि वगारी निवडाव्यात. या वयापर्यंत आईच्या चिकातून आलेले प्रतिपिंड (अँटिबॉडी) ओसरलेले असतात आणि स्वतःची लागण बहुधा झालेली नसते. जूनच्या आरंभी पहिली तपासणी करून ज्यांच्यात नीलजिव्हा आणि ईएचडीचे प्रतिपिंड नाहीत तीच ठेवावीत. किमान तीस निगेटिव्ह हवीत, म्हणजे दहा टक्के लागण असली तरी ती पकडण्याची खात्री ९५ टक्क्यांपर्यंत जाते. आपल्याकडे नीलजिव्हा मुरलेला असल्यामुळे तीस मिळवायला त्याहून बरीच जास्त तपासावी लागतील, याची तयारी आधीच ठेवावी. मग डिसेंबरपर्यंत दर महिन्याला त्याच जनावरांचे रक्त घ्यायचे. कानातल्या बारा अंकी बिल्ल्याचा क्रमांक नोंदवहीत आणि नळीवर दोन्हीकडे लिहायचा. ‘तांबडी कालवड’ अशी नोंद पुढच्या महिन्यात निरुपयोगी ठरते. निगेटिव्ह असलेले जनावर पॉझिटिव्ह झाले की विषाणू त्या महिन्यात, त्या गावात फिरला हे निश्चित होते.

इथे एक शंका हमखास येते: पाळतीसाठी निवडलेल्या या पहारेकरी जनावरांना लम्पीची लस द्यायची नाही का? जरूर द्यायची. मालकाच्या जनावराला पाळतीसाठी उघड्यावर सोडण्याचा कोणाला अधिकार नाही. लम्पीच्या लसीमुळे नीलजिव्हा-ईएचडीच्या चाचणीत फरक पडत नाही. लम्पीसाठी मात्र प्रतिपिंडांवर विसंबू नये. लसीचे आणि रोगाचे प्रतिपिंड वेगळे ओळखू येत नाहीत, आणि सौम्य लागणीत ते इतके कमी असतात की प्रतिपिंड शोधणारी एलायझा चाचणी चुकते. तिथे ताप, गाठी, खपल्या आणि पीसीआर हाच आधार.

रक्त घेणे सोपे असते, ते जपणे अवघड. सर्वांत जास्त नमुने इथेच वाया जातात. नीलजिव्हेचा विषाणू तांबड्या पेशींना चिकटून असतो, म्हणून ईडीटीएचे रक्त गोठवायचे नाही. ते साध्या फ्रीजमध्ये ४ अंशांवर ठेवायचे. रक्तद्रव मात्र वेगळा करून उणे २० अंशांवर. घाईत नेमके उलटे होते: रक्ताच्या नळ्या डीप फ्रीजरमध्ये जातात, पेशी फुटतात, आणि रक्तद्रव गठ्ठ्यावरच राहून लाल होतो. साध्या नळीतले रक्त सावलीत तिरके ठेवून गोठू द्यावे आणि त्याच दिवशी रक्तद्रव काढून घ्यावा. जीपच्या मागच्या सीटवर कच्च्या रस्त्याने हादरत गेलेली, गठ्ठ्यासकटची नळी प्रयोगशाळेत पोहोचते तेव्हा तिच्यातून फारसे काही निघत नाही. बर्फाच्या थेट संपर्कात नळी ठेवली तरी पेशी फुटतात. मध्ये कापड किंवा कागदाची गुंडाळी हवी.

कमलापूरहून नागपूर सुमारे तीनशे किलोमीटर. जुलै-ऑगस्टमध्ये नाले भरून वाहू लागले की गावे तुटतात आणि बर्फ मिळत नाही. नेमका तोच काळ पाळतीचा. यावर साधा उपाय आहे: फिल्टर पेपरची पट्टी. रक्ताचे थेंब पट्टीवर घ्यायचे, सावलीत दोन तास पूर्ण सुकू द्यायचे आणि सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट बंद पिशवीत ठेवायचे. विषाणूंची जनुके आणि प्रतिपिंड दोन्ही त्यातून तपासता येतात, आणि रस्ता उघडेपर्यंत पट्टी टिकते. विषाणू जिवंत राहत नाही, त्यामुळे तो वाढवून पाहता येत नाही, ही मर्यादा. दुसरी अडचण पावसाळी हवेची: पट्टी अर्धवट सुकलेली असताना पिशवी बंद केली तर चार दिवसांत बुरशी येते. सिलिकाचे मणी निळ्याचे गुलाबी झाले की बदलायचे, एवढे वनरक्षकालाही एकदा दाखवले की जमते.

चिलटांचे सापळे हा पाळतीचा दुसरा डोळा, आणि आपल्याकडे तो जवळजवळ मिटलेलाच आहे. आठ वॅटची अतिनील दिव्याची नळी, तिच्याखाली लहान पंखा, पंख्याखाली जाळीचे नळकांडे आणि तळाशी पाण्याचे भांडे. त्या पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब, म्हणजे चिलटे तरंगत न राहता बुडतात. बारा व्होल्टच्या बॅटरीवर तो चालतो. जनावरांपासून तीसेक मीटरच्या आत, जमिनीपासून दीड ते दोन मीटरवर टांगायचा, सूर्यास्ताआधी लावायचा आणि सूर्योदयानंतर काढायचा. एक गावाच्या आखरावर (गुरे गोळा होतात त्या जागी), एक बोडीच्या काठी, एक जंगलातल्या पाणवठ्यावर आणि एक रानम्हशी लोळतात त्या चिखलाजवळ, महिन्यातून दोन रात्री. दिव्याभोवती दोन मिलिमीटर छिद्रांची जाळी लावली नाही, तर पहिल्या पावसानंतर पंखवाल्या वाळव्यांनी भांडे गच्च भरते आणि त्यात चिलटे शोधणे अशक्य होते. टांगलेल्या दोरीला ग्रीस लावावे, नाहीतर मुंग्या रात्रीतून माल साफ करतात. बॅटरी जुनी असेल तर ती पहाटे तीनला मान टाकते आणि पंखा थांबला की पकडलेली चिलटे उडून जातात. सकाळी पंखा फिरत होता की नाही हे नोंदवलेच पाहिजे. पौर्णिमेच्या आसपास आणि वाऱ्या-पावसाच्या रात्री सापळ्यात फार कमी येते. अशा रात्रीचे शून्य म्हणजे चिलटे नाहीत असे नव्हे.

सकाळी पाणी गाळून चिलटे ७० टक्के अल्कोहोलमध्ये घ्यायची. सूक्ष्मदर्शकाखाली पंखांवरच्या ठिपक्यांच्या नक्षीवरून क्युलिकॉइड्स ओळखता येतात. ज्या मादीचे पोट वाइनच्या रंगाचे, तांबूस-जांभळे दिसते, तिने आधी एकदा रक्त पिऊन अंडी घातलेली असतात. विषाणू शोधायचा तो अशा माद्यांत. पन्नास-पन्नासचे गट करून पीसीआर करायचा. भात कापणीच्या सुमारास हे प्रमाण वाढू लागले तर तो इशारा आहे आणि तो रोगाच्या आधी मिळतो.

तिसरी गोष्ट मृत जनावराची. रानम्हैस किंवा गवा मेलेला सापडला की पंचनामा होतो, शिकार नाही ना हे पाहिले जाते आणि मग जाळले किंवा पुरले जाते. शवविच्छेदन झालेच तर दुसऱ्या दिवशी, जेव्हा उन्हाने आतले सगळे पाणी-पाणी झालेले असते. पहिल्या सहा ते बारा तासांत नमुना घेतला तर बहुतेक प्रश्नांची उत्तरे मिळतात. पण चाकू लावण्याआधी एक नियम कधीही मोडू नये: फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, नाही याची खात्री. नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त आले असेल, पोट फार लवकर फुगले असेल, अंग ताठरले नसेल, तर शव उघडायचे नाही. कानाच्या शिरेतून एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा, पॉलिक्रोम मेथिलीन ब्लूने रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. शव उघडले तर जंतूंचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे राहतात आणि ती जागा कायमची धोकादायक होते. घटसर्पही याच दिवसांत म्हशींना मारतो. म्हणून गळ्याखालची सूज पाहावी आणि हृदयातल्या रक्ताची काचपट्टी घ्यावी. पावसाळ्यात मेलेली प्रत्येक रानम्हैस विषाणूनेच मेली असे गृहीत धरणेही चूक आहे.

शव उघडण्याजोगे असेल तर प्लीहा, फुफ्फुस, लसिकाग्रंथी आणि कातडीवरची गाठ खपलीसह, असे प्रत्येकी सुपारीएवढे तुकडे दोन संचांत घ्यावेत. एक संच बर्फावर, एक दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये. फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहापट हवे, नाहीतर आतला भाग कुजतो. बर्फ नसेल तर निदान खपल्या तरी कोरड्या कागदात घ्याव्यात; लम्पीचा विषाणू वाळलेल्या खपलीत महिनाभर टिकतो. हाच गुण शव नीट न पुरल्यास उलटतो.

कॅमेरा ट्रॅपही कामाचे आहेत, फक्त त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची हे ठरवावे. गव्याच्या गुळगुळीत कातडीवर दोन ते पाच सेंटिमीटरच्या गाठी दिवसाच्या चित्रात दिसतात. रानम्हैस मात्र सदा चिखलाने माखलेली. वाळलेल्या चिखलाची ढेकळे रात्रीच्या चित्रात हुबेहूब गाठींसारखी दिसतात आणि खऱ्या गाठी त्याखाली लपतात. म्हणून कॅमेरा लोळणीच्या जागी न लावता वाहत्या नाल्याच्या उतारावर, ती धुऊन बाहेर पडते तिथे लावावा. पाहायचे ते डोळ्यांतले पाणी, लाळ, सुजलेले पाय, पोळी (गळ्याखालची लोंबती कातडी), आणि चाल. स्थिर चित्रापेक्षा पंधरा सेकंदांच्या चित्रफितीत लंगडणे चटकन कळते.

आता उपाय. या राज्यात एकेकाळी बुळकांडी (रिंडरपेस्ट) होती. १९६८ मध्ये कर्नाटक-तमिळनाडूतल्या बंदीपूर-मुदुमलाईच्या पट्ट्यात तिने गव्यांचे कळप संपवले होते. ती संपली ती गावोगावच्या गायी-म्हशींना लस टोचून. गव्याला कोणी सुई लावली नाही. २००६ मध्ये भारत आणि २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. लम्पीसाठी हाच मार्ग आहे. कोलामार्काभोवतीच्या प्रत्येक गावातली चार महिन्यांवरची सगळी गोवंशीय जनावरे एप्रिल-मे मध्येच लसीकृत व्हावीत, कारण पुरेशी प्रतिकारशक्ती यायला तीन आठवडे लागतात. साथ दिसल्यावर पाच किलोमीटरच्या परिघात लस टोचायला धावणे हा नाइलाज झाला. लस दोन ते आठ अंशांवर राहिली पाहिजे, विरघळवल्यावर बर्फावर ठेवून लगेच संपवली पाहिजे, आणि प्रत्येक जनावराला नवी सुई हवी. एकच सुई आखरावरच्या सगळ्या गुरांना फिरवली तर माशीचे काम आपणच करतो.

नीलजिव्हेला एवढा सोपा इलाज नाही. मेंढ्यांसाठी विषाणूच्या पाच उपप्रकारांवरची (सीरोटाइपची) लस आहे. पण गायी-म्हशींत विषाणू लपून राहणार आणि चिलटे तर राहणारच. तिथे फायदा होतो तो चिखल कमी केल्याने. वनविभागाच्या कृत्रिम पाणवठ्यांची गळकी टाकी आणि भोवतालचा शेणाचा राडा ही चिलटांची खाणच असते. टाकी दुरुस्त करणे, काठाला मुरूम टाकणे, मिठाचे चाटण पाणवठ्यापासून दूर ठेवणे, ही कामे पावसाआधी होऊ शकतात. जंगलात कीटकनाशक फवारण्याची मागणी मात्र कोणी करू नये. ती फवारणी चिलटांना फार कमी आणि शेणकिडे, मधमाश्या, मासे यांना फार जास्त मारते. औषध गोठ्यात आणि जनावराच्या अंगावर, तेवढेच.

एक जोडसूचना, कारण गडचिरोलीत गिधाडेही आहेत. तापाने पडलेल्या जनावराला वेदनाशामक देताना फक्त मेलोक्सिकॅम द्यावे. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी २००६ पासून आणि किटोप्रोफेन, असिक्लोफिनॅक २०२३ पासून बंद आहेत, तरी माणसांसाठीच्या कुप्या गुरांना टोचल्या जातात. असे जनावर मेले आणि उघड्यावर टाकले तर एका साथीतून दुसरा ऱ्हास सुरू होतो.

लोक कळवत नाहीत, ही तक्रार आम्ही मान्य करत नाही. सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीकडे आणि गोव्यात सत्तरीत माकडतापाच्या वेळी मेलेले माकड दिसले की कळवायचे हे गावकऱ्यांच्या अंगवळणी पडले, कारण कळवल्यावर कोणीतरी येत होते. कोलामार्काच्या आसपासच्या माडिया गावांतले गुराखी रोज जंगलात असतात. कोणत्या नाल्यावर कोणती म्हैस लंगडते हे त्यांना आधी कळते. त्यांना मोबदला द्यावा, आणि तपासणीचा निकाल त्यांच्या गावात त्यांच्या भाषेत सांगावा. रक्त नेले आणि पुढे काय झाले ते कधीच कळले नाही, असा अनुभव आला की दुसऱ्या महिन्यात कालवड बांधलेली सापडत नाही.

राहता राहिली परवानगी. रानम्हैस आणि गवा दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि त्यांचा नमुना घ्यायला, हलवायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. हे बंधन आवश्यक आहे. पण शव सापडल्यावर अर्ज केला तर परवानगी येईपर्यंत तपासण्यासारखे काही उरत नाही. म्हणून जून ते डिसेंबर या काळासाठी, ठरावीक अधिकारी, ठरावीक नमुने आणि ठरावीक प्रयोगशाळा नमूद करून आगाऊ परवानगी द्यावी. नागपूरला गोरेवाड्याचे वन्यजीव संशोधन केंद्र आणि पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात औंधची रोगनिदान प्रयोगशाळा आहे, आणि शंकास्पद नमुन्यासाठी भोपाळची उच्च सुरक्षा पशुरोग संस्था आहे. कोणता नमुना कुठे जाणार हे एका पानावर लिहून ते कमलापूरच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लावावे. वनविभाग आणि पशुसंवर्धन विभागाने मिळून एकाच अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी त्या पानावर द्यावा, आणि निकाल दोन्ही विभागांना एकाच दिवशी जावा. हा आदेश मेच्या अखेरीपर्यंत निघाला, तर जूनची पहिली तपासणी याच वर्षी होऊ शकते.

आपले,
विदर्भातील पशुवैद्यक व वन्यजीव अभ्यासक